रस्टमध्ये बिटकॉइन नोडचं नेटवर्क कसं लिहायचं

ऐरोलीच्या आमच्या ऑफिसातल्या एका मुलाने मला विचारलं, "दादा, बिटकॉइनचा नोड स्वतः लिहायचा तर सुरुवात कुठून करू? ब्लॉकची तपासणी, वॉलेट, की मायनिंग?" मी म्हटलं, "नेटवर्कपासून कर." नोड म्हणजे बिटकॉइनच्या नेटवर्कमध्ये सामील होऊन व्यवहारांची साखळी स्वतः तपासणारा प्रोग्रॅम, आणि ब्लॉक म्हणजे त्या साखळीतली एक कडी. ब्लॉक तपासायचे नियम ठरलेले आहेत, ते वाचून कोडमध्ये उतरवता येतात. नेटवर्कचा कोड मात्र पूर्ण अनोळखी लोकांशी बोलतो आणि त्यातले काही त्रास द्यायलाच आलेले असतात. पुढचे बरेच शनिवार आम्ही ठाण्याला माझ्या घरी बसून जे लिहिलं, ते इथे क्रमाने सांगतो. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेची तोंडओळख आणि इंटरनेटवर बाइट्स पोचवणाऱ्या टीसीपीची जुजबी माहिती असली की पुरे.

घोडबंदर रोडच्या कुठल्याही सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन आठवा. कुरिअरवाला म्हणतो, "१४०२ ला जायचंय." वॉचमन इंटरकॉम लावतो, वहीत नोंद करतो, मगच आत सोडतो. नोडनेही असंच वागायचं असतं. समोरून येणारा प्रत्येक बाइट हा दावा असतो. तपासल्याशिवाय त्यावर एक बाइटही मेमरी खर्च करायची नाही.

आधी घरातला नोड

बिटकॉइन कोअर हा सर्वांत जास्त वापरला जाणारा तयार नोड डाउनलोड करा आणि रेगटेस्ट मोडमध्ये चालू करा. हे तुमच्या लॅपटॉपपुरतं खासगी नेटवर्क असतं. ब्लॉक हवे तेव्हा बनवता येतात, नाण्यांना किंमत नसते आणि चुकलं तरी कोणाचं बिघडत नाही. तो १८४४४ पोर्टवर ऐकत बसेल. मुख्य नेटवर्कचा पोर्ट ८३३३ आहे, तिकडे आत्ताच जाऊ नका.

कार्गोने नवा प्रोजेक्ट उघडा. एकाच वेळी अनेक कनेक्शन्स सांभाळायला टोकिओ आणि टोकिओ-युटिल, शिवाय बाइट्स आणि शा-२५६ हॅशसाठी (मजकुराचा ठसा काढण्यासाठी) एसएचए२, एवढी क्रेट्स, म्हणजे रस्टची तयार पॅकेजेस, घ्या. लिबपीटूपी, म्हणजे नोड-नोडमधल्या नेटवर्कची तयार लायब्ररी, का नको, हा प्रश्न हमखास येतो. पोल्काडॉट या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जगात ती रोज वापरली जाते आणि चांगली आहे, पण बिटकॉइनचा प्रोटोकॉल वेगळा आहे. रस्ट-बिटकॉइन या क्रेटमध्ये सगळे मेसेज तयार मिळतात. तरी माझं मत असं, की पहिल्यांदा हाताने लिहा आणि मग त्या क्रेटशी ताडून बघा.

२४ बाइट्सचा हेडर

बिटकॉइनच्या जुन्या, म्हणजे पहिल्या आवृत्तीच्या वाहतुकीत प्रत्येक मेसेजच्या पुढे २४ बाइट्स असतात. पहिले ४ मॅजिक बाइट्स, कोणतं नेटवर्क ते सांगणारे. रेगटेस्टचे एफए बीएफ बी५ डीए. मग १२ बाइट्स मेसेजचं नाव, उरलेली जागा शून्यांनी भरलेली. मग ४ बाइट्स लांबी. शेवटचे ४ चेकसम: मजकुराचा शा-२५६ दोनदा काढायचा आणि त्याचे पहिले चार बाइट्स घ्यायचे. मजकूर रिकामा असेल तर हे चार बाइट्स नेहमी ५डी एफ६ ई० ई२ येतात. पहिली टेस्ट हीच लिहा.

चेकसमवर फार विसंबू नका. वाटेत बिघडलेले बाइट्स तो पकडतो. खोटं बोलणाऱ्याला पकडत नाही, कारण खोट्या मजकुराचा चेकसम कोणीही काढू शकतो.

खरी काळजी लांबीच्या आकड्याची. चार बाइट्समध्ये ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतचा आकडा मावतो. 'चार जीबीचा मेसेज येतोय' असं समोरच्याने नुसतं म्हटलं आणि तुमच्या कोडने तेवढा व्हेक्टर मागितला, तर रस्टचा कंपायलर तुम्हाला अडवणार नाही. रस्ट मेमरीचा चुकीचा वापर थांबवते, उधळपट्टी थांबवत नाही. बिटकॉइन कोअरने मेसेजची कमाल मर्यादा ४०,००,००० बाइट्स ठेवली आहे. तुम्हीही तीच ठेवा आणि लांबी वाचल्याबरोबर, मेमरी मागण्याआधी तपासा. आकडा मोठा असेल तर कनेक्शन बंद.

ओळखपरेड

कनेक्शन लावणाऱ्याने आधी 'व्हर्जन' मेसेज पाठवायचा. त्यात प्रोटोकॉलची आवृत्ती (सध्या ७००१६), सेवांचे बिट्स, वेळ, दोघांचे पत्ते, एक रँडम नॉन्स (एकदाच वापरायचा आकडा), सॉफ्टवेअरचं नाव, शेवटच्या ब्लॉकची उंची आणि रिलेचा एक बाइट असतो. नाव रिकामं ठेवलं तर मजकूर बरोबर ८६ बाइट्सचा होतो. तुमचा तेवढा येत नसेल तर कुठेतरी फील्ड राहिलंय.

इथे एक गोम आहे. जवळपास सगळे आकडे लिटल-एंडियन (लहान किमतीचा बाइट आधी) आहेत, पण पत्त्यातला पोर्ट बिग-एंडियन (मोठ्या किमतीचा आधी). उलटा वाचला तर ८३३३ चा ३६१२८ होतो. ही चूक ओळखपरेडीत दिसतच नाही, कारण तिथे तो पोर्ट कोणी वापरत नाही. पुढे इतरांनी पाठवलेले पत्ते वाचायला लागलात की एकही कनेक्शन लागत नाही, आणि आपण फायरवॉल तपासत बसतो.

नॉन्सही साठवून ठेवा. पत्ते फिरत फिरत तुमचा स्वतःचा पत्ता तुमच्याकडे येतो आणि नोड स्वतःलाच फोन लावतो. आलेल्या व्हर्जनमध्ये आपलाच नॉन्स दिसला की कनेक्शन बंद करायचं.

समोरचा उत्तरात स्वतःचं व्हर्जन आणि मग 'व्हेरॅक' पाठवतो. तुम्हीही व्हेरॅक पाठवायचा. मात्र व्हर्जनच्या लगेच पुढचा मेसेज व्हेरॅकच असेल असं धरू नका. ७००१६ सांगितलंत की बिटकॉइन कोअर मध्येच 'डब्ल्यूटीएक्सआयडीरिले' आणि 'सेंडअॅड्रव्हीटू' पाठवतो. ओळखीचा नसलेला मेसेज मुकाट्याने सोडून द्या; त्यामुळेच जुने आणि नवे नोड एकत्र नांदू शकतात. सगळ्या ओळखपरेडीला ६० सेकंदांचा टाइमआउट लावा.

ओळख न झालेलं कनेक्शन आणि ओळख झालेलं कनेक्शन यांचे दोन वेगळे स्ट्रक्ट करा. पहिल्यावर ब्लॉक मागण्याचं फंक्शन ठेवूच नका. मग व्हेरॅकच्या आधी डेटा मागणारा कोड कंपाइलच होणार नाही.

आता दुसऱ्या टर्मिनलमध्ये बिटकॉइन-सीएलआयला 'गेटपीअरइन्फो' विचारा. त्या यादीत तुमच्या सॉफ्टवेअरचं नाव दिसेल. तो मुलगा ते बघून खुर्चीतून उठला होता.

मला सर्वांत जास्त छळणारा बग

टीसीपीला मेसेज कुठे संपला ते ठाऊक नसतं. २४ बाइट्स पाठवले तर समोर आधी ९ येतील, मग १५. हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. म्हणून मी 'रीड_एक्झॅक्ट' वापरलं, जे मागितलेले सगळे बाइट्स येईपर्यंत थांबतं. एकाच लूपमध्ये टोकिओचा 'सिलेक्ट' लावून एका हाताला वाचन ठेवलं, दुसऱ्या हाताला बाहेर पाठवायच्या मेसेजचं चॅनेल.

रेगटेस्टवर हे दिवसभर सुरळीत चाललं. घरच्या ब्रॉडबँडवरून बाहेरच्या टेस्ट नोडशी जोडलं की मात्र तास-दोन तासांनी 'मॅजिक चुकीचा' म्हणून कनेक्शन तुटायचं. मी आधी समोरच्या नोडला दोष दिला, मग राउटरला.

दोष माझ्या लूपमध्ये होता. सिलेक्टमधली एक शाखा पूर्ण झाली की दुसरीचं अर्धवट काम टाकून दिलं जातं. हेडरचे ९ बाइट्स वाचून झालेत आणि तेवढ्यात चॅनेलवर मेसेज आला, तर ते ९ बाइट्स वाचनासोबत नाहीसे होतात. पुढचं वाचन हेडरच्या मधूनच सुरू होतं. रीड_एक्झॅक्ट असं मध्येच रद्द करणं सुरक्षित नाही, हे टोकिओच्या कागदपत्रांत स्पष्ट लिहिलंय. लॅपटॉपच्या आत सगळे बाइट्स एकदम पोचत असल्याने रेगटेस्टवर ते कधी दिसलं नाही.

उपाय दोन. एक, टोकिओ-युटिलमधलं 'फ्रेम्ड' वापरा आणि स्वतःचा डिकोडर लिहा. आलेले बाइट्स त्याच्या बफरमध्ये साठून राहतात. पूर्ण मेसेज नसेल तर डिकोडर 'नन' परत करतो आणि काही हरवत नाही. दोन, वाचन आणि लेखन दोन वेगळ्या टास्कमध्ये ठेवा. मी आता दोन्ही करतो.

एकच मालक

पीअर्सची, म्हणजे आपल्याशी जोडलेल्या नोड्सची, यादी आर्क-म्युटेक्समध्ये (अनेकांनी वाटून वापरायच्या कुलूपबंद डब्यात) घालून सगळीकडे वाटण्याचा मोह टाळा. एक मॅनेजर टास्क ठेवा, यादी त्याच्या एकट्याच्या मालकीची. बाकीचे त्याच्याशी चॅनेलवरून बोलतील. चॅनेल मर्यादित क्षमतेचंच हवं, नाहीतर समोरचा वाचेनासा झाला की रांग तुमच्या मेमरीत वाढत जाते. मॅनेजर पीअरच्या भरलेल्या चॅनेलपाशी थांबला आणि तोच पीअर मॅनेजरच्या भरलेल्या चॅनेलपाशी, तर दोघेही कायमचे अडकतात. त्यामुळे मॅनेजरने नेहमी 'ट्राय_सेंड' करावं. जागा नसेल तर तो पीअर संथ आहे. त्याचं कनेक्शन बंद करा.

लाईट गेली तर

पावसाळ्यात सोसायटीची लाईट जाते, राउटर बंद पडतो आणि समोरच्याला निरोपाचं पॅकेटही जात नाही. त्याच्याकडे कनेक्शन चालूच दिसत राहतं. म्हणून पिंग. बिटकॉइन कोअर दर २ मिनिटांनी ८ बाइट्सचा नॉन्स पाठवतो आणि पाँगमध्ये तोच परत यावा लागतो. २० मिनिटांत आला नाही तर कनेक्शन संपलं. नॉन्स न जुळणारा पाँग मोजू नका.

हेडर्स मागवणं

इथले हेडर्स मेसेजचे नाहीत, ब्लॉकचे. 'गेटहेडर्स' पाठवला की एका वेळी जास्तीत जास्त २००० हेडर्स येतात. प्रत्येक ८० बाइट्सचा आणि मागे शून्याचा एक बाइट; तो एक बाइट विसरलात तर दुसऱ्या हेडरपासून सगळं सरकतं. प्रत्येक हेडर आधीच्याला जोडलेला आहे ना आणि त्याचं प्रूफ ऑफ वर्क (मायनिंगला लागलेल्या मेहनतीचा पुरावा) भरतं ना, एवढं तपासूनच ठेवा.

कोणाशी बोलायचं

आता सिग्नेटवर, म्हणजे बिटकॉइनच्या सार्वजनिक चाचणी नेटवर्कवर, या, पोर्ट ३८३३३. पत्ते डीएनएस सीड्सकडून (नोड्सचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हर्सकडून) आणि इतर नोड्सच्या 'अॅड्र' मेसेजमधून मिळतात. एका अॅड्रमध्ये १००० च्या वर पत्ते असतील तर मेसेज नाकारा. लक्षात घ्या, व्हर्जनमधला पत्ता २६ बाइट्सचा आणि अॅड्रमधला ३० चा, कारण त्याच्यापुढे वेळेचे ४ बाइट्स असतात.

तुमची सगळी कनेक्शन्स एकाच माणसाच्या नोड्सकडे गेली, तर तो दाखवेल तेच जग तुम्हाला दिसेल. याला एक्लिप्स हल्ला म्हणतात. रबाळे-महापेच्या पट्ट्यात डेटा सेंटर्स किती आहेत ते आपण रोज बघतो. एकाच ठिकाणी पन्नास सर्व्हर भाड्याने घेणं अवघड नाही. मात्र त्यांचे आयपी पत्ते बहुधा एकमेकांजवळचे असतात. म्हणून बाहेर लावायच्या कनेक्शनमध्ये पत्त्याचे पहिले १६ बिट्स सारखे असलेले दोन पीअर ठेवायचे नाहीत. हा नियम हॅशसेटने दहा ओळींत लिहून होतो. बिटकॉइन कोअर अशी ८ पूर्ण आणि २ फक्त ब्लॉकपुरती कनेक्शन्स ठेवतो. तुम्ही ८ वर सुरुवात करा.

घरून चालवताना बाहेरून एकही कनेक्शन येत नसेल तर राउटरचा वॅन (बाहेरच्या बाजूचा) पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल, तर तुम्ही सामायिक आयपीच्या मागे आहात आणि पोर्ट फॉरवर्ड करून उपयोग नाही. बाहेर जाणारी कनेक्शन्स तरीही चालतात, आणि साखळी स्वतः तपासायला तेवढी पुरतात.

मोडून बघा

टोकिओच्या 'ड्युप्लेक्स'ने मेमरीतल्या मेमरीत दोन टोकं मिळतात. एका टोकाने पूर्ण व्हर्जन मेसेज एकेक बाइट करून ढकला. डिकोडरने तो एकदाच आणि अचूक द्यायला हवा. मग दोन मेसेज चिकटवून एकदम पाठवा. मग लांबीत कमाल आकडा घाला आणि मजकूर पाठवूच नका. त्यानंतर कार्गो-फझ हे रँडम इनपुट देऊन कोड तपासणारं साधन लावून डिकोडरला रात्रभर वाट्टेल ते बाइट्स खाऊ घाला. माझ्या डिकोडरने पहिल्याच रात्री पॅनिक केलं. सॉफ्टवेअरच्या नावाची लांबी मी समोरच्याच्या शब्दावर घेतली होती आणि तेवढे बाइट्स बफरमध्ये नव्हतेच.