वरपासून खालपर्यंत ‘टीटी’: एचआयव्हीच्या जनुकशास्त्रात नव्याने येणाऱ्यांसाठी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातले चार महिने माझे एक्सेलमधल्या एका कॉलममुळे गेले. एचआयव्ही असूनही औषधाविना वर्षानुवर्षं सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) टिकवून धरणाऱ्यांवर काम करणार असाल, तर एवढं वाचाच.

सीसीआर५ डेल्टा-३२ (विषाणूला पेशीत शिरू न देणारा जनुकातला बदल) सगळ्यांना पाठ असतं. पण तो बदल मुख्यतः युरोपीय वंशात सापडतो, आपल्याकडे जवळजवळ नाहीच. त्यावर सिनॉप्सिस बांधू नका. खरा जोर एचएलए-बीवर आहे, म्हणजे विषाणूचे तुकडे टी पेशींना दाखवणाऱ्या जनुकावर. २०१० च्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जवळपास हजार कंट्रोलर (औषधाविना विषाणू रोखून धरणारे) तपासले, तेव्हा जीनोममधल्या ठळक खुणा सगळ्या एचएलएच्याच पट्ट्यात निघाल्या.

आता माझी चूक. बी*५७:०१ हा एचएलए-बीचा एक संरक्षक प्रकार. त्याचं महागडं टायपिंग (नेमका प्रकार ओळखणं) वाचवायला लोक शेजारच्या एचसीपी५ जनुकातला आरएस२३९५०२९ हा एकच स्निप (डीएनएतला एका अक्षराचा फरक) बघतात. युरोपीय लोकांत तिथला ‘जी’ बी*५७:०१ सोबतच येतो, म्हणून ती त्याची खूण. माझे नमुने होते आफ्रिकी वंशाच्या लोकांचे. एक्सेलमध्ये वरपासून खालपर्यंत ‘टीटी’ (दोन्ही प्रतींत ‘टी’), एकही ‘जी’ नाही. मी लिहून टाकलं: या गटात बी*५७ नाही.

टायपिंग बघणाऱ्या मॅडमनी शीट पाहिली आणि म्हणाल्या, “अगं, आधी वंश बघ, मग खूण.” उरलेल्या डीएनएचं पूर्ण टायपिंग केलं. बी*५७ होता! फक्त तो ५७:०३ होता. तोही आजार रोखून धरतो, पण त्याच्या शेजारी तो ‘जी’ नसतो. पुन्हा सांगते: स्निप संरक्षण देतोच असं नाही, तो नुसता शेजारी असू शकतो, आणि शेजार वंशागणिक बदलतो. भारतीय नमुन्यांवरही ही खूण डोळे झाकून लावू नका. थोड्या नमुन्यांचं तरी पूर्ण टायपिंग कराच, पैसे उसने घ्यावे लागले तरी.

आणि गाइड निवडताना नाव बघू नका, तुमची कच्ची शीट उघडून बघतो का ते बघा.

घाबरू नका, नमुने वाया जात नाहीत. २०१७ पासून आपल्याकडे निदान होताच उपचार सुरू होतात, आणि तेच योग्य आहे. म्हणून उपचारांआधीच्या जुन्या नमुन्यांची किंमत मोठी.

नंतर त्याच लोकांमधल्या विषाणूचा गॅग (त्याच्या गाभ्याची प्रथिनं बनवणारं जनुक) उघडला. बऱ्याच जणांत २४२ व्या जागी थ्रिओनिन हे अमिनो आम्ल जाऊन ॲस्पॅराजिन आलं होतं. बी*५७ च्या टी पेशींना चुकवायला विषाणू हा बदल करतो, आणि त्यापायी त्याची स्वतःची वाढ मंदावते. ज्यांच्यापुढे मी ‘बी*५७ नाही’ लिहिलं होतं, तीच ही माणसं.