सोलापूरची एक दिवसाची सहल: निघण्याआधीची यादी

आमची शाळा जिल्हा परिषदेची, अक्कलकोट तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. निम्म्या घरांत कन्नड बोललं जातं. सोलापूर काही फार लांब नाही, तरी पाचवी ते सातवीच्या बऱ्याच मुलांनी ते पाहिलेलं असतं दवाखान्यापुरतं, नाहीतर गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेतल्या जत्रेच्या, गर्दीत आईचा पदर धरून. अशा मुलांना घेऊन जायचं असेल तर तयारी कशी करावी, ते लिहिते आहे. धीट पोरांची मला फारशी चिंता नसते. त्यांना भूक लागली की ती सांगतात, तहान लागली की ओरडतात. यादी करताना माझ्या डोळ्यांसमोर असतात ती गप्प बसणारी. ज्याला गाडी लागते पण तो बोलत नाही, जिला लघवीला जायचंय पण ती सरांना सांगायला लाजते, ज्याच्या घरी सहलीचे पैसे नाहीत म्हणून जो ‘मला यायचंच नाही’ म्हणतो.

सगळ्यात आधी तारीख. सोलापूरच्या उन्हाशी पैज लावू नये, त्यामुळे डिसेंबर किंवा जानेवारीचा शेवट बरा. संक्रांतीच्या आगेमागे मात्र अजिबात नको. सिद्धेश्वराची यात्रा असते, नंदीध्वजांच्या मिरवणुका असतात, रस्ते वळवलेले असतात. यात्रा मुलांनी घरच्यांबरोबर बघावी, शाळेची रांग घेऊन त्या गर्दीत शिरू नये. तारखेला शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घ्या आणि केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे परवानगीचा प्रस्ताव लगेच पाठवा. सोबत मुलांची यादी, जाणाऱ्या शिक्षकांची नावं, दिवसभराचं वेळापत्रक. दहा मुलांमागे एक मोठं माणूस असा हिशेब धरा आणि मुली असतील तर सोबत बाई हवीच. शाळेत बाई नसतील तर अंगणवाडीताईंना किंवा समितीतल्या एखाद्या आईला विचारा. याला पर्याय शोधत बसू नका.

गाडी एसटीचीच. आगारात जाऊन ‘प्रासंगिक करार’ म्हणा, म्हणजे आख्खी गाडी भाड्याने, तिथले लोक पुढचं सांगतात. शालेय सहलीला भाड्यात निम्मी सवलत मिळते, त्यासाठी मुख्याध्यापकांचं पत्र आणि विद्यार्थ्यांची यादी लागते. डिसेंबरमध्ये सगळ्या तालुक्याच्या सहली एकदमच निघतात, म्हणून गाडी निदान महिनाभर आधी बोलून ठेवा. कोणीतरी ओळखीची खासगी गाडी स्वस्तात देतो म्हणेल. हात जोडून नको म्हणा. आणि बाकावर जितकी बसतील तितकीच मुलं न्या. ‘लहान आहेत, तिघं बसतील’ हे वाक्य सहलीच्या दिवशी कुणाच्याही तोंडून निघता कामा नये.

आता पैशांचं. इथे जरा थांबते, कारण सहल इथेच बिघडते. भाडं, नाश्ता, तिकिटं यांचा खर्च मांडून माणशी रक्कम काढली की लगेच वर्गात जाहीर करू नका. आधी कुणाला किती झेपेल याचा अंदाज घ्या. वर्गात उभं करून ‘कोणी पैसे आणले नाहीत?’ असं विचारलंत तर त्या दिवसापासून दोन-तीन पोरं शाळेत येईनाशी होतात. पैसे पालकांकडून घ्या, एकाच शिक्षकाकडे जमा करा, पावती द्या आणि कोणाचे आले, कोणाचे नाही, हे त्या वहीबाहेर जाऊ देऊ नका. कमी पडतील ते गावातून उभे राहतात. ग्रामपंचायत आहे, दूध डेअरी आहे, बाहेरगावी नोकरीला लागलेले माजी विद्यार्थी आहेत. जो ‘यायचं नाही’ म्हणतो त्याला एकदा एकट्याला बाजूला घेऊन विचारा. खरोखर नको असेल तर तेही कळतं.

हंगामात आमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात, बीडकडच्या. त्यांची काही मुलं दोन-तीन महिन्यांपुरती आमच्या वर्गात बसतात. त्यांना सहलीतून वगळायचा मोह होतो: कागदपत्रं अपुरी, आईबाप पहाटेच फडावर. संध्याकाळी त्यांच्या कोपीवर, म्हणजे झोपडीवर, जाऊन संमतीपत्र भरून घ्या. कागद वाचून दाखवा, कुठे जाणार, किती वाजता परत येणार ते सांगा, मग सही किंवा अंगठा घ्या. खरं तर हे सगळ्याच पालकांच्या बाबतीत करावं. छापील संमतीपत्रावर न वाचता केलेल्या सहीचा उपयोग फक्त फायलीला होतो.

त्याच कागदाच्या मागे तब्येतीचं विचारून घ्या. दमा, फिट, कशाची अ‍ॅलर्जी, चालू असलेलं औषध. ‘झटके येतात का?’ असं पालकसभेत विचारलं तर कोणी हात वर करत नाही, घरी विचारलं तर आई सगळं सांगते. औषध पालकांनी लिहून दिलं असेल तेच आणि तेवढंच द्यायचं. आपल्या पर्समधली गोळी कुठल्याही मुलाला नाही.

यानंतरचं काम कोणी करत नाही आणि तेच सर्वांत उपयोगी आहे. एखाद्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही स्वतः मोटारसायकलवरून तोच रस्ता फिरून या. गाडी कुठे उभी राहू देतात, स्वच्छतागृह कुठे आहे, त्याला कडी आहे का, आत पाणी आहे का, जेवायला सावली कुठे मिळेल, हे वहीत लिहा. पाण्याचं विशेष सांगते. सोलापूर शहरात नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. चाळीस मुलांच्या बाटल्या कुठेतरी भरून मिळतील या भरवशावर जाऊ नका. दोन मोठे जार गावातून भरून गाडीत ठेवा.

ठिकाणं कमी ठेवा. अक्कलकोट रस्त्याने शहरात शिरताना एमआयडीसी लागते. तिथल्या एखाद्या चादरी-टॉवेलच्या कारखान्यात आधी पत्र देऊन, साप्ताहिक सुट्टी कधी ते विचारून परवानगी मिळाली तर माझ्या मते सहलीचा निम्मा पैसा तिथेच वसूल होतो. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पण मुलांना चकित करतो तो माग. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या यंत्रावर, नक्षी कशी उतरते, ताण्याचे हजारो धागे कसे वर-खाली होतात, हे पुस्तकातलं चित्र बघून समजत नाही. मागावरचे कामगार आपसात तेलुगू बोलतात, तेही मुलांच्या कानावर पडू दे. आपण घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा बोलतो याचा आमच्या पोरांना उगाच संकोच असतो. सोलापूरचा आख्खा पूर्व भाग, मागवाल्यांची वस्ती, तसाच जगतो आहे हे कळलं की तो थोडा उतरतो. तयारी म्हणाल तर मुलींच्या ओढण्या आणि वेण्या बांधलेल्या, हात मागे आणि कानात घालायला थोडा कापूस. यंत्रमागाच्या खडखडाटात तुमची हाक कोणालाही ऐकू जाणार नाही, म्हणून हाताच्या खुणा आधीच ठरवून घ्या: हात वर म्हणजे थांबा, गोल फिरवला म्हणजे माझ्याकडे या.

विज्ञान केंद्र पुणे रस्त्याला केगावला आहे, म्हणजे आमच्या बाजूने शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. सकाळी मुलं ताजी असतात तेव्हा थेट तिथे जा, आणि कारखाना परतीच्या वाटेवर ठेवा. मधल्या वेळात स्वातंत्र्यलढ्यातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी पंधरा मिनिटं आणि भुईकोट किल्ला. बस. डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारकही दाखवण्यासारखं आहे. 1938 मध्ये चीनला गेलेला आणि 1942 मध्ये तिथेच वारलेला हा डॉक्टर याच गावचा. पण एका दिवसात ते कोंबायचं असेल तर किल्ल्यावर काट मारा. दोन्ही करायला गेलात की मुलांना फक्त चढणं-उतरणं आठवतं.

चार पुतळ्यांची गोष्ट मात्र आदल्या आठवड्यातच सांगून ठेवा. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1930 च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा लागला आणि 12 जानेवारी 1931 ला या चौघांना येरवड्यात फाशी झाली. चौकात वाहनांच्या आवाजात गोष्ट सांगता येत नाही. मुलं पुतळ्यांना बघत नाहीत, रस्त्यावरच्या गाड्यांना बघतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. गोष्ट आधी माहीत असली तर निदान ‘यातला कुर्बान हुसेन कोणता?’ एवढं तरी विचारतात.

किल्ला आणि सिद्धेश्वर तलाव शेजारीशेजारी आहेत, देऊळ तर पाण्यातच. इथे मुलं मोकळी सोडायची नाहीत, हे गाडीतून उतरण्याआधी सगळ्या मोठ्यांनी आपसात पक्कं करा. एक जण पुढे, एक मागे, आणि एक जण कायम पाण्याच्या बाजूला चालणार. बुरुजावर फोटो नाही.

आता शाळेतली तालीम. मैदानावर फक्कीने रस्ता आखा, चार मुलांना मोटारी करा आणि रस्ता ओलांडायला शिकवा. आमच्या गावात रस्ता ओलांडायचा म्हणजे म्हैस बाजूला होईपर्यंत थांबायचं, सिग्नल कोणी पाहिलेला नाही. जोड्या लावा, पण जिगरी दोस्तांच्या लावू नका. ते दोघं मिळून हरवतात. एक बडबडा, एक गप्प अशी जोडी बरी, कारण गप्प असलेल्याचं काय दुखतंय ते बडबडा येऊन सांगतो. प्रत्येकाला एक आकडा द्या. गाडीत चढताना नावाने हजेरी घेऊ नका, आकडे म्हणून घ्या, म्हणजे मिनिटभरात होते. मधला आकडा आला नाही तर गाडी हलणार नाही, हे चालक-वाहकांनाही सकाळीच सांगून ठेवा.

हरवलं तर काय करायचं हे घाबरवून सांगू नये, कवितेसारखं पाठ करून घ्यावं. जिथे आहेस तिथेच थांब. शोधत फिरू नको. वर्दीतला पोलीस, दुकानाच्या गल्ल्यावरचं माणूस किंवा सोबत लेकरू असलेली बाई, यांनाच ओळखपत्र दाखव. आमची मुलं भेदरली की मराठी विसरतात, म्हणून ‘मी शाळेच्या सहलीत आलोय, या नंबरला फोन करा’ हे मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्ही पाठ हवं. सोलापुरात कन्नड समजणारं माणूस हाकेच्या अंतरावर भेटतं. ओळखपत्राच्या दर्शनी बाजूला शाळेचं नाव आणि दोन शिक्षकांचे फोन, मुलाचं नाव आतल्या बाजूला. छातीवर नाव लावलं की कोणीही परका माणूस नावाने हाक मारतो आणि मुलाला तो ओळखीचा वाटतो. शिक्षकांच्या फोनमध्ये 112 (तातडीची मदत), 108 (रुग्णवाहिका) आणि 1098 (मुलांची मदतवाहिनी) हे आकडे असावेतच, आणि सगळ्या मुलांची यादी कागदावरही असावी. फोनची बॅटरी संपते, कागदाची संपत नाही.

आदल्या दिवशी पिशवी कशी भरायची ते फळ्यावर लिहून द्या. गणवेश घालायचा, नवे कपडे नाहीत. सगळे एकसारखे दिसले की मोजायला सोपे जातात, आणि कोणाकडे नवे कपडे नाहीत हेही दिसत नाही. चप्पल किंवा बूट जुनेच, नवे दुपारपर्यंत चावतात. डब्यात भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे, गूळ. दहीभात नको, बारापर्यंत आंबतो. खाऊला पैसे द्यायचे तर सगळ्यांना सारखेच आणि थोडेच, ही गोष्ट पालकसभेत ठरवून घ्यावी लागते. कारण एका पोराच्या खिशात पाचशेची नोट असली की बाकीच्या सगळ्यांची सहल त्या नोटेभोवती फिरते.

तुमच्या स्वतःच्या पिशवीत प्रथमोपचाराची पेटी, ओआरएसची पाकिटं, लिंबू, आलेपाक, जुने पेपर आणि ओकारीसाठी भरपूर पिशव्या. गाडी कोणाला लागते ते आईकडून आधीच कळलेलं असतं, त्यांना पुढे खिडकीशी बसवा आणि निघताना पोटभर पोहे खायला घालू नका. शिवाय सॅनिटरी पॅड, एक जादा परकर किंवा सलवार, साबण, टॉवेल. मोठ्या मुलींना आदल्या दिवशी बाईंनी वेगळं बसवून सांगावं की हे माझ्या पिशवीत आहे, मागायला कारण सांगावं लागणार नाही. स्वच्छतागृहाला जायचं का असं कधी विचारू नका, सगळे ‘नाही’ म्हणतात. दर दोन तासांनी रांगेने सगळ्यांना न्या. मुली लघवीला जावं लागेल म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत, हे पुरुष शिक्षकांच्या लक्षात येत नाही.

परतीची वेळ अंधाराच्या आधीची ठेवा, आणि शहरातून निघताना एका पालकाला फोन करून पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर निरोप टाकायला सांगा. गावात गाडी थांबली की मुलं उड्या मारून पळतात. त्याआधी यादी हातात घेऊन एकेक उतरवा, ज्याचा पालक आला त्याच्याच हाती द्या, सही घ्या. वस्तीवरच्या मुलांना कोण सोडणार हे सकाळीच ठरलेलं असावं.

दुसऱ्या दिवशी ‘मी पाहिलेले सोलापूर’ हा निबंध लिहून घेऊ नका, सगळ्यांचा एकच येतो. त्यापेक्षा माग कसा चालतो ते वर्गात चौघांना करून दाखवायला सांगा. आणि त्याच आठवड्यात हिशेब पावत्यांसकट समितीपुढे ठेवून सूचना फलकावर लावा. उरलेले पैसे पालकांना परत करायचे की पुढच्या वर्षी ज्यांना जमणार नाही त्यांच्यासाठी ठेवायचे, ते समितीने ठरवावं आणि इतिवृत्तात तसं लिहावं.