गर्भातल्या मेंदूवर संशोधन करायचंय? आधी आठवडे मोजायला शिका

प्रसूतिशास्त्राचं पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुलं-मुली मला विचारतात, "गर्भाच्या मेंदूवर काम करायचं तर आधी पीएचडी करू की एमएफएमची (माता-गर्भ वैद्यकाची) फेलोशिप?" दोन्ही वाटांनी लोक इथवर आलेले आहेत, त्यामुळे त्यात फार अडकू नका. मी रुग्णही पाहते आणि प्रयोगशाळाही चालवते. दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडलेली एक सवय आहे, ती आधी लावून घ्या. प्रश्न कुठलाही असो, पहिल्यांदा विचारायचं, गर्भ किती आठवड्यांचा?

या मोजण्यातही मेख आहे. मज्जानलिका, म्हणजे ज्या नळीतून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू बनतात ती, 28व्या दिवसापर्यंत मिटते, असं भ्रूणशास्त्राच्या पुस्तकात असतं. ते दिवस फलनापासूनचे. आपण शेवटच्या पाळीपासून मोजतो, म्हणजे आपल्या हिशोबाने सहा आठवडे झालेले असतात. अनेकींना तोवर दिवस गेल्याची खात्रीसुद्धा झालेली नसते. फॉलिक अ‍ॅसिड दिवस राहण्याआधीपासून घ्यायचं ते यासाठीच. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची (एमआरसी) चाचणी 1991 मध्ये प्रसिद्ध झाली. आधीच्या गर्भात मज्जानलिकेचा दोष असलेल्या स्त्रियांना त्यात रोज 4 मिलिग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड दिलं गेलं आणि दोष पुन्हा उद्भवण्याचं प्रमाण 72 टक्क्यांनी घटलं. तेच औषध तिसऱ्या महिन्यात सुरू केलं तर या दोषापुरता त्याचा उपयोग संपलेला असतो. म्हणून प्रयोगशाळेतला सहकारी "आठव्या आठवड्याचा नमुना" म्हणाला, की कुठून मोजलेला आठवा, हे विचारायला लाजू नका.

पुढेही हेच. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत मेंदूचा पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत दिसतो आणि दिवस भरेपर्यंत त्याला घड्याच घड्या पडतात. साधारण 24 ते 32 आठवड्यांत, पुढे मायलिन (मज्जातंतूंवरचं आवरण) बनवणाऱ्या पेशी अजून कोवळ्या असतात. ऑक्सिजन कमी पडला किंवा दाह झाला, तर मार मुख्यतः त्यांना बसतो. पूर्ण दिवसांच्या बाळात ऑक्सिजनचा तोच तुटवडा बेसल गँग्लिया, थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागांना किंवा मेंदूच्या बाह्य थराला इजा करतो. तुटवडा एकच असून जखम वेगळी, कारण वेळ वेगळी. हे मनात पक्कं बसलं की निम्मे शोधनिबंध वेगळ्या नजरेने वाचता येतात.

उपचारांचा इतिहास तर मुद्दाम वाचा. न्यूझीलंडचे प्रसूतितज्ज्ञ लिगिन्स मेंढ्यांमध्ये प्रसूती कशाने सुरू होते, ते शोधत होते. स्टेरॉइड दिल्यावर फार लवकर जन्मलेली कोकरं अपेक्षेपेक्षा बरी श्वास घेताना दिसली. त्यातून बालरोगतज्ज्ञ हॉवी यांच्याबरोबर माणसांवरची चाचणी उभी राहिली आणि ती 1972 मध्ये प्रसिद्ध झाली. आज अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची शक्यता दिसताच आपण बीटामेथासोन हे स्टेरॉइड देतो ते त्यामुळे. पण जे औषध फुप्फुसं पक्व करतं ते मेंदूपर्यंतही पोहोचतं. पुन:पुन्हा कोर्स दिले तर काय होतं, हे पाहणाऱ्या 2008 च्या एका मोठ्या चाचणीत बाळांचं वजन, लांबी आणि डोक्याचा घेर कमी भरला. फायद्याचं औषधही किती आणि कधी, हा प्रश्न अजून मिटलेला नाही आणि तुमच्या पिढीला तिथे भरपूर काम आहे.

गर्भाच्या मेंदूच्या रक्षणासाठी अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीआधी दिल्या जाणाऱ्या मॅग्नेशियम सल्फेटचंही तसंच. ज्या मातांना ते इतर कारणांसाठी मिळालं होतं, त्यांच्या अगदी कमी वजनाच्या बाळांमध्ये सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे हालचालींत येणारं कायमचं अपंगत्व) कमी आढळते, ही नोंद 1995 ची. हेच औषध देऊन पाहणारी 2,241 स्त्रियांवरची बीम चाचणी प्रसिद्ध झाली 2008 मध्ये. तिचे आकडे नीट वाचा. मृत्यू किंवा मध्यम ते तीव्र सेरेब्रल पाल्सी असा जो एकत्रित मुख्य निकष होता, त्यात फरक दिसला नाही. तशी मध्यम ते तीव्र सेरेब्रल पाल्सी वेगळी पाहिली तेव्हा ती 3.5 टक्क्यांऐवजी 1.9 टक्के होती. सारांश वाचून पुढे जाणाऱ्याच्या हातून यातलं अर्धं निसटतं.

आता खरी अडचण. ज्या अवयवाचा अभ्यास करायचा, त्याला हातच लावता येत नाही. मग सोनोग्राफी, रक्तप्रवाह मोजणारं डॉप्लर आणि एमआरआय. त्यांच्या जोडीला गर्भजल, कारण त्यात मेंदूत व्यक्त होणाऱ्या जनुकांचे आरएनए सापडतात. आणि वार (प्लासेंटा). वारेबद्दल मी जरा जास्त बोलते, कारण नवखे तिला कमी लेखतात. गर्भाचा प्राणवायू, पोषण, संप्रेरकं, दाहाचे संदेश, सगळं तिच्यातून जातं आणि प्रसूतीनंतर ती आपल्या हातात येते. पण घड्याळ तिथेही चालूच असतं. पहाटे प्रसूती झाली की वेळ लिहायची, वार बर्फावर घ्यायची. नाळ जिथे जोडलेली असते ती जागा आणि कडा सोडून मधल्या भागातून, आईच्या बाजूचा थर खरवडून काढून, काही मिलिमीटरचे तुकडे कापायचे. थंड सलाइनमध्ये रक्त निघेपर्यंत धुवायचे, टिपायचे, नळीत घालून द्रव नायट्रोजनमध्ये. गोठवल्याची वेळ पुन्हा लिहायची. कळा येऊन प्रसूती झाली की कळांआधीच सिझेरियन, हेही लिहायचं, कारण कळांनीच दाहाची कित्येक जनुकं जागी होतात. बाळ मुलगा की मुलगी, हेही. हे काम पहिले काही महिने स्वतः करा. मदतनिसावर सोपवून दिलं, की हातात येणाऱ्या आकड्यांमागे काय घडलं ते कधीच कळत नाही.

प्राण्यांचं मॉडेल निवडतानाही आठवडाच विचारा. उंदराची गर्भावस्था जेमतेम 19-20 दिवसांची आणि जन्मतः त्याचा मेंदू माणसाच्या गर्भाच्या साधारण मध्यावर असतो. त्याला घड्याही नसतात. मेंढीच्या मेंदूला घड्या असतात, गर्भावस्था सुमारे 147 दिवसांची, पण खर्च आणि वेळ दोन्ही भरपूर. आईला झालेल्या संसर्गाचा परिणाम पेशींच्या पातळीवर पाहायचा तर उंदीर चांगला. घड्या किंवा रक्तप्रवाहाचा प्रश्न असेल तर त्याच्यावरून निष्कर्ष काढू नका.

संमतीबद्दल मी फार आग्रही आहे. अपुऱ्या दिवसांत कळा सुरू होऊन भरती झालेली बाई घाबरलेली असते. कळ चालू असताना कागद पुढे करायचा नाही. शक्य असेल तर बाह्यरुग्ण विभागातच, नवऱ्यासमोर किंवा आईसमोर, सावकाश समजावून ठेवायचं. नाही म्हटलं तरी उपचारात तसूभर फरक पडणार नाही, हे तिला आपल्या तोंडून ऐकू आलं पाहिजे. निबंध लिहितानाही तीच काळजी घ्या. "आईच्या लठ्ठपणामुळे बाळाच्या मेंदूला धोका" असं शीर्षक निरीक्षणात्मक अभ्यासाला देऊ नका. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं, असं होत नाही, आणि ते वाक्य वाचणारी बाई आयुष्यभर स्वतःला दोष देत राहू शकते.

मार्गदर्शक दोन हवेत, एक रुग्णांकडचा, एक प्रयोगशाळेतला, आणि दोघं एकमेकांशी बोलणारे. संशोधनासाठी राखीव वेळ लेखी मागून घ्या. तोंडी कबूल केलेले दिवस पहिल्याच ऑन-कॉलच्या टंचाईत जातात.

पहिला प्रस्ताव लिहाल तेव्हा एकच प्रश्न, आठवड्यांचा एकच टप्पा आणि पाहण्याची एकच खिडकी ठेवा. संख्याशास्त्रज्ञाला पहिला नमुना गोळा करण्याआधी भेटा. मूल दोन वर्षांचं झाल्यावर त्याची बायले चाचणी (लहान मुलांचा विकास मोजणारी) कोण करणार, त्या माणसाचा पगार कुठून येणार आणि घर बदललेल्या कुटुंबाचा नवा फोन नंबर कोण ठेवणार, हे तिन्ही त्याच प्रस्तावात नावानिशी लिहून ठेवा.