कारचा अपघात, चूक कोणाची आणि विम्याचा हप्ता: या चुका टाळा

गाडी ठोकली गेली की दोन प्रश्न एकदमच मनात येतात. चूक कोणाची? आणि आता विम्याचा हप्ता वाढणार का? भारतात या दोन प्रश्नांची उत्तरं दोन वेगळ्या ठिकाणी ठरतात. चूक कोणाची हे पोलीस तपासातून आणि वाद झाला तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात ठरतं, आणि कोणी कोणाला किती भरपाई द्यायची ते त्यावर अवलंबून असतं. हप्त्याचं गणित मात्र तुम्ही स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी स्वतःच्या विमा कंपनीकडून पैसे घेतलेत की नाही, यावर फिरतं. खालच्या बऱ्याच चुका या दोन गोष्टींची सरमिसळ केल्यामुळेच होतात.

"चूक समोरच्याची होती, मग माझा एनसीबी का जावा?"

एनसीबी म्हणजे नो क्लेम बोनस. तो क्लेम न केल्याबद्दल मिळतो, चांगली गाडी चालवल्याबद्दल नाही. सिग्नलला उभ्या असलेल्या तुमच्या गाडीला मागून कोणी धडक दिली आणि तुम्ही तुमच्या ओन डॅमेज विम्यातून (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा) दुरुस्ती करून घेतली, तर पुढच्या नूतनीकरणाला एनसीबी शून्य होतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो. एका क्लेमने पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात.

ही सवलत फक्त ओन डॅमेजच्या हप्त्यावर मिळते. थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्याचा, हप्ता सरकार इंजिनाच्या सीसीनुसार ठरवतं. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरांत तो १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारसाठी २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६ रुपये आणि त्यावर ७,८९७ रुपये असा होता. तुमच्या हातून अपघात झाला म्हणून हा आकडा वाढत नाही.

लहान क्लेमचा हिशेब न करणं

सर्वांत जास्त पैसे इथे जातात, आणि तेही नकळत. समजा सवलतीआधीचा ओन डॅमेज हप्ता १२,००० रुपये आहे आणि एनसीबी ५० टक्के आहे, म्हणजे तुम्ही ६,००० भरता. क्लेम केला की पुढच्या पाच नूतनीकरणांना १२,०००, ९,६००, ९,०००, ७,८०० आणि ६,६०० भरावे लागतील, तेव्हा कुठे पुन्हा ६,००० वर याल. दर वर्षीचा जादा भाग जोडा: ६,००० + ३,६०० + ३,००० + १,८०० + ६०० = १५,००० रुपये. गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) दर वर्षी घटते म्हणून प्रत्यक्षात आकडा थोडा कमी भरेल, पण अंदाजाला एवढं पुरे: ५० टक्के एनसीबी असेल तर एका क्लेमची किंमत सवलतीआधीच्या ओन डॅमेज हप्त्याच्या सव्वापट. सध्या २० टक्क्यांवर असाल तर सुमारे ०.८ पट.

आता हातात काय पडतं ते बघा. पुढचा बंपर ९,०००, रंगकाम ४,०००, बसवण्याची मजुरी १,०००. जीएसटी बाजूला ठेवून बिल १४,००० रुपये. प्लॅस्टिकच्या भागांवर घसारा (भाग जुना झाल्याबद्दल कापली जाणारी रक्कम) ५० टक्के, म्हणजे ४,५०० कापले. रंगकामाचं एकत्रित बिल असेल तर त्याचा २५ टक्के भाग रंगाचा माल धरतात आणि त्यावर ५० टक्के घसारा लावतात, म्हणजे ५००. शिवाय सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये तुम्ही स्वतः भरायची रक्कम: १५०० सीसीपर्यंत १,०००, त्यावर २,०००. छोट्या कारच्या मालकाला मिळाले ८,०००. आठ हजारांसाठी पंधरा हजार घालवले! झिरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) असतं तर १३,००० मिळाले असते, तरीही सौदा तोट्याचाच.

लोखंडी पत्र्याच्या भागांवरचा घसारा गाडीच्या वयाप्रमाणे असतो: पहिल्या सहा महिन्यांत शून्य, एक ते दोन वर्षांत १० टक्के, चार ते पाच वर्षांत ३५ टक्के, दहा वर्षांनंतर ५० टक्के. काचेवर घसारा नाही. रबर, नायलॉन, टायर, बॅटरी आणि एअरबॅगवर मात्र ५० टक्के.

म्हणून वर्कशॉपच्या काउंटरवर "क्लेममध्ये करून टाकू" असं कोणी म्हटलं की आधी लेखी एस्टिमेट मागा आणि वरचा हिशेब कागदावर मांडा. क्लेम नोंदवून झाला असेल आणि तो घेणं परवडत नाही असं दिसलं, तर पैसे मिळण्यापूर्वी तो मागे घेता येतो. मागे घेतल्याची लेखी खात्री कंपनीकडून जरूर घ्या. नाहीतर नूतनीकरणाच्या वेळी नोंद "क्लेम प्रलंबित" अशी दिसते आणि एनसीबी अडकतो.

दोन वेगवेगळ्या वेळी पडलेले पोचे एकाच क्लेममध्ये घुसवू नका. प्रत्येक अपघात स्वतंत्र क्लेम आहे आणि प्रत्येकाला वेगळी वजावट लागते. पोच्याची दिशा, उंची आणि गंज पाहून सर्व्हेअरला (नुकसान तपासायला विमा कंपनी पाठवते तो माणूस) ते लगेच कळतं.

रस्त्यावरच चूक कबूल करणं, चिठ्ठी लिहून देणं

माणुसकी आणि कबुली वेगळ्या ठेवा. जखमीला पाणी द्या, रुग्णवाहिका बोलवा, सोबत थांबा. पण "माझीच चूक, सगळा खर्च देतो" असं लिहून देऊ नका. प्रमाणित मोटार पॉलिसीची अटच अशी आहे की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही, पैसे देऊ करायचे नाहीत, वचन द्यायचं नाही. अशी चिठ्ठी दिली की थर्ड पार्टीच्या दाव्यात कंपनीला तुमच्याविरुद्धच मुद्दा मिळतो.

उलट बाजूनेही घाई नको. समोरचा दोन हजार देतो म्हणून "माझी काही तक्रार नाही" असं लिहून देण्याआधी बॉनेट उघडा. समोरून हलकी धडक बसली तरी बंपरच्या मागचा आडवा बार आणि एसीचा कंडेन्सर दबलेला असू शकतो. गॅस हळूहळू गळतो आणि दोन दिवसांनी एसी थंड करेनासा झाला की कळतं, तोपर्यंत समोरचा निघून गेलेला असतो.

पुरावा गोळा करण्याआधी गाड्या हलवणं

कोणी जखमी नसेल तर फोटोला दोन मिनिटं पुरतात. आधी लांबून, दोन्ही गाड्या, लेनचे पट्टे आणि एखादी ओळखीची खूण एकत्र दिसेल असा फोटो. मग चारही बाजूंनी. मग जवळून: धडकेची जागा, चाकं कुठे वळलेली आहेत, ब्रेकच्या खुणा, काचांचा सडा. काचा जिथे पडल्या ती जागा महत्त्वाची, कारण गाड्या नंतर सरकल्या तरी धडक साधारण कुठे झाली ते तीच सांगते. दोन्ही नंबर प्लेट, समोरच्याचा परवाना आणि विम्याची माहिती घ्या. मग गाड्या बाजूला घ्या.

डॅशकॅम असेल तर तो बंद करून कार्ड काढून ठेवा. त्यात जुन्यावर नवं रेकॉर्डिंग होत जातं आणि नेमकी हवी ती फाइल पुसली जाते. जवळच्या दुकानाच्या सीसीटीव्हीचंही तसंच. विनंती त्याच दिवशी करा.

चुकीबद्दलचे गैरसमज

"मोठ्या गाडीचीच चूक धरतात" हे खरं नाही. "मागून ठोकलं म्हणजे मागच्याचीच चूक" हेही शंभर टक्के खरं नाही. पुढच्या वाहनापासून सुरक्षित अंतर ठेवणं ही मागच्याची जबाबदारी आहे, त्यामुळे सुरुवातीला पारडं त्याच्या विरुद्ध झुकतं. पण हायवेवर रात्री टेललाइट आणि रिफ्लेक्टरशिवाय ट्रक उभा असेल, तर त्याच्या चालकावरही दोष येतो. समोरच्याकडे परवाना नव्हता एवढ्यावरून त्याचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. गाडी कशी चालवली हे वेगळं दाखवावं लागतं.

दोघांचा दोष असेल तर न्यायाधिकरण टक्केवारी ठरवतं. नुकसान २ लाखांचं आणि तुमचा दोष ३० टक्के असेल, तर मिळतात १ लाख ४० हजार. मृत्यू किंवा गंभीर दुखापत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध न करताही अनुक्रमे ५ लाख आणि अडीच लाख मिळू शकतात. कलम १६६ खालच्या, म्हणजे समोरच्याची चूक दाखवून करायच्या, दाव्यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. "केसचा निकाल लागू दे, मग बघू" असं म्हणत बसू नका. फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा वेगवेगळे चालतात.

पोलिसांना न कळवणं

नुसतं खरचटलं असेल तर सहसा गरज पडत नाही. कोणी जखमी असेल किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं असेल, तर कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणं आणि २४ तासांच्या आत पोलिसांना कळवणं ही चालकाची जबाबदारी आहे. विमा कंपनीलाही कळवायचं असतं. तपास अधिकाऱ्याला पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे द्यावा लागतो. पुढे सगळे याच कागदांवर बोट ठेवतात, म्हणून घटनास्थळाचा पंचनामा आणि नकाशा यांच्या प्रती मिळवा आणि दिशा, लेन, वेळ नीट वाचा.

चालक बदलून सांगणं

परवाना नसलेला मुलगा चालवत होता, क्लेम फॉर्मवर नाव वडिलांचं. असं कधीही करू नका. टोलच्या नोंदी, सीसीटीव्ही, पोलिसांतला जबाब, रुग्णालयातला केस पेपर, यांतलं काहीही एक जुळलं नाही की पूर्ण क्लेम जातो आणि फसवणुकीचा प्रश्न उभा राहतो. थर्ड पार्टीला कंपनीने पैसे दिले तरी ती नंतर मालकाकडून वसूल करू शकते.

मोडलेली गाडी तशीच चालवत नेणं

पॉलिसी स्पष्ट सांगते: अपघातानंतर दुरुस्तीआधी गाडी चालवली आणि नुकसान वाढलं, तर ते तुमच्या माथी. दगडाला लागून ऑइल चेंबर फुटलं तर क्लेममध्ये चेंबर बसतं. ऑइलचा लाल दिवा लागलेला असताना पुढे पाच किलोमीटर गेलात आणि इंजिन जाम झालं, तर इंजिनाचे पैसे मिळणं फार कठीण. खाली ऑइल किंवा कूलंट सांडलेलं दिसलं तर चावी फिरवू नका, गाडी टो करा. सर्व्हेअर येण्याआधी गाडी खोलूही देऊ नका. खोलल्यावर आतलं आणखी नुकसान दिसलं, तर वर्कशॉपला पुरवणी एस्टिमेट देऊन सर्व्हेअरला पुन्हा बोलवायला सांगा. जुने पार्ट तोवर टाकू नका.

नूतनीकरणाच्या वेळी क्लेम लपवणं

कंपनी बदलताना "गेल्या वर्षी क्लेम नाही" असं टिक केलं की स्वस्तात पॉलिसी मिळते. नवी कंपनी जुनीकडे चौकशी करते, बऱ्याचदा पुढचा क्लेम आल्यावर, आणि तेव्हा भरपाई कापली किंवा नाकारली जाते. चुकून टिक झालं असेल तर लगेच कळवून फरक भरा. पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर कमावलेला एनसीबीही जातो. एनसीबी गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं तर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला तो लावता येतो.

क्लेम चुकीच्या कारणाने कापला असं वाटत असेल तर सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा आणि आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी लिहा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणारा स्वतंत्र अधिकारी) एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.