समुद्रपक्ष्याच्या पोटातलं प्लास्टिक: रसायनांचा माग कसा काढावा

मेलेल्या समुद्रपक्ष्याचं पोट उघडलं की सगळ्यांची नजर आधी रंगीत तुकड्यांवर जाते आणि कुणीतरी मोजायला लागतं. मोजा, हरकत नाही. पण त्या आकड्यावरून पक्ष्याच्या अंगात कोणती रसायनं उतरली हे कळत नाही. ते कळायला हवं असेल तर तयारी कात्री लावायच्या बरीच आधी करावी लागते. मी टेबलावर ज्या क्रमाने काम करते तो सांगते.

पहिली गोष्ट परवानगी. जंगली पक्षी मेलेला असला तरी उचलायला बहुतेक ठिकाणी परवाना लागतो. शिवाय बर्ड फ्लू आहेच. एकाच जागी बरेच पक्षी मरून पडले असतील तर हात न लावता संबंधित खात्याला कळवा.

हातमोजे नायट्राइलचे घ्या. विनाइलचे मोजे मऊ राहावेत म्हणून त्यात थॅलेट मिसळलेलं असतं, आणि आपण शोधतोय त्यातलंच ते एक. म्हणूनच पक्षी थेट प्लास्टिकच्या पिशवीत टाकू नका. आधी अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळा. नमुने काचेच्या बाटल्यांत ठेवा आणि झाकणाखाली फॉइलचा तुकडा घाला. एक रिकामी बाटली काम चालू असेपर्यंत टेबलावर उघडी ठेवा आणि इतरांबरोबर तीही तपासायला पाठवा. तिच्यात थॅलेट निघालं तर ते खोलीतलं आहे, पक्ष्यातलं नाही.

आता क्रम. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला तेलग्रंथी असते, पिसांना लावायचं तेल तिथून येतं. ते सगळ्यात आधी टिपून घ्या. प्लास्टिकमधली रसायनं या तेलातही सापडतात. जिवंत पक्ष्याकडूनही ते घेता येतं, ही त्यातली मोठी सोय. मग पोटातली चरबी, मग यकृत. जठर शेवटी. ते आधी फाडलं तर आतला ऐवज सगळीकडे लागतो आणि यकृतात सापडलेलं यकृतातलंच की जठरातलं सांडलेलं, हे कुणालाच सांगता येत नाही.

चरबी घेताना ती किती उरली आहे हे नक्की लिहा. किनाऱ्यावर येऊन पडलेले पक्षी बहुधा उपाशी असतात. उपाशी पक्षी स्वतःची चरबी जाळतो, पण पीसीबीसारखी (जुन्या विद्युत उपकरणांत वापरलेली, सहज न विघटणारी) रसायनं तिच्याबरोबर जळत नाहीत, उरलेल्या चरबीत दाटतात. वाळक्या पक्ष्यातला मोठा आकडा बघून ‘याने जास्त प्लास्टिक खाल्लं’ म्हणायची घाई होते. त्या आकड्यामागे कदाचित नुसती उपासमार असेल.

जठराची दोन्ही टोकं सुती दोऱ्याने बांधून ते बाहेर काढा. फुलमार, शिअरवॉटर, पेट्रेल या खोल समुद्रावर फिरणाऱ्या पक्ष्यांत त्याचे दोन भाग ठळक दिसतात: पुढे पातळ भिंतीचं मोठं जठर आणि मागे जाड स्नायूंची पेषणी. दोन्ही वेगवेगळे उघडा. या पक्ष्यांच्या पुढच्या जठरात भक्ष्यापासून झालेलं पिवळसर तेल साठतं. ते दिसलं तर आधी काचेत काढून घ्या, धुवून टाकू नका. पाण्यात जेमतेम सुटणारी रसायनं तेलात मात्र सहज उतरतात. म्हणून तुकडा समुद्रात वर्षानुवर्षं तरंगणं वेगळं आणि या तेलात भिजत पडणं वेगळं.

आतलं सगळं १ मिलिमीटरच्या चाळणीवर साध्या पाण्याने धुवा, साबण नको. माकुळाच्या चोची तपकिरी आणि चकचकीत असतात, त्यांना प्लास्टिक समजू नका. मग कारखान्यातले कच्चे दाणे, पातळ पापुद्रे, धागे, फोम आणि कडक तुकडे वेगळे करून वाळवा आणि वजन करा. उत्तर समुद्राभोवतीच्या देशांनी फुलमारसाठी ठरवलेलं उद्दिष्ट असं आहे: पोटात ०.१ ग्रॅमपेक्षा जास्त प्लास्टिक असलेले पक्षी १० टक्क्यांहून कमी असावेत. ही समुद्र किती घाण आहे त्याची मोजपट्टी आहे. ‘०.१ ग्रॅमपर्यंत चालतं’ असा अर्थ लावलेला मी ऐकलाय. तसं मुळीच नाही.

निष्कर्षाच्या वेळी एक फरक सोडू नका. पीसीबी आणि डीडीटीचे अवशेष समुद्रातून प्लास्टिकवर चिकटतात हे खरं, पण ते माशांतूनही पक्ष्यात येतात, आणि बरेचदा माशांचाच वाटा मोठा असतो. फक्त त्यांच्यावरून प्लास्टिकला दोषी धरता येत नाही. कारखान्यातच मिसळलेली रसायनं अधिक बोलकी असतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उत्तर पॅसिफिकमधले १२ शिअरवॉटर तपासले होते. त्यातल्या तिघांच्या चरबीत आग रोखायला प्लास्टिकमध्ये घालतात ती जड ब्रोमिनयुक्त रसायनं निघाली. ती त्यांच्या भक्ष्यात नव्हती, पोटातल्या प्लास्टिकमध्ये होती. पुढे शिअरवॉटरच्या पिल्लांना अशी रसायनं मिसळलेले प्लास्टिकचे दाणे भरवले, तेव्हा ती यकृतात आणि चरबीत पोचलेली दिसली. ऊन सोसावं म्हणून प्लास्टिकमध्ये घालतात ते यूव्ही-३२८ तर २०२३ साली स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे दीर्घकाळ टिकणाऱ्या घातक रसायनांवरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आलं. प्रयोगशाळेला नमुने देताना असल्या रसायनांची तपासणी नावानिशी मागा.

आणि मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ‘प्लास्टिक’ लिहिण्याआधी थांबा. उत्तर पॅसिफिकमधल्या मिडवे बेटांवर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याची पिल्लं पंख लोंबते ठेवून मरायची. पोटात प्लास्टिक असलेली पिल्लंही तिथे सर्रास असतात, पण लोंबत्या पंखांमागे जुन्या इमारतींच्या रंगाच्या खपल्यांमधलं शिसं होतं. रसायन अंगात पोचलं हे दाखवणं एक, त्याने पक्षी मेला हे दाखवणं दुसरं. दुसऱ्यासाठी यकृताचे आणि जठराच्या भिंतीचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये वेगळे ठेवावे लागतात. गोठवलेल्या ऊतींत पेशींची रचना मोडते, म्हणून हे तुकडे ताज्या पक्ष्याचेच घ्या.

बाकी नमुने उणे २० अंशांवर. चिठ्ठी पेन्सिलीने लिहा: जात, तारीख, जागा, वजन, चरबीची अवस्था आणि पक्षी सापडल्यापासून फ्रीजरमध्ये जाईपर्यंत गेलेला वेळ.