पुश स्टिक निवडताना या चुका टाळा, बोटं सांभाळा

परवा एका साइटवर टेबल सॉवर, म्हणजे टेबलातून वर आलेल्या गोल पात्याच्या करवतीवर, दोन सूत (पाव इंच) प्लायच्या पट्ट्या चिरायचं काम चाललेलं पाहिलं. पोरगा विशीतला, हाताला चपळ. शेवटचा वीतभर भाग उरला की खाली पडलेली बीडिंगची पट्टी उचलायचा आणि तिच्या टोकानं प्लाय पुढे रेटायचा. आपण काळजी घेतोय असंच त्याला वाटत होतं. माझा जीव मात्र प्रत्येक चिरेला टांगणीला लागत होता. उघड्या बोटांपेक्षा ती पट्टी बरी, एवढंच. पुश स्टिक म्हणजे बोटांऐवजी लाकूड पुढे ढकलायची काठी; तिचं अर्धं काम या पट्टीनं होतच नव्हतं.

ते अर्धं काम म्हणजे लाकूड खाली दाबून धरणं. पात्याचे आपल्या बाजूचे दात वरून खाली येतात, त्यामुळे ते लाकडाला टेबलावर दाबतात. मागच्या बाजूचे दात मात्र खालून वर येतात. चिरलेला भाग तिथे जरा तिरका झाला, फेन्सपासून (लाकूड जिला टेकवून सरकवतात त्या सरळ कडेपासून) सुटला, की हे दात त्याला उचलतात आणि थेट आपल्याकडे फेकतात. यालाच किकबॅक म्हणतात. १० इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दातांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. मुंबई-पुणे एक्सप्रेस वेवर गाडीला सपाटीला १०० ची मर्यादा आहे, त्यावरून अंदाज करा. हात मागे घ्यायला वेळ मिळतच नाही. उलट लाकूड अचानक निघून गेलं की पुढे रेटणारा हात स्वतःच्याच जोरानं पात्यावर जातो. बोटं अनेकदा अशीच जातात.

म्हणून पहिली आणि सगळ्यात मोठी चूक: टोकाला व्ही आकाराची खाच पाडलेली बारीक काठी, आणि तीच पुरेशी आहे हा समज. ही काठी लाकडाच्या शेपटाला फक्त एका बिंदूवर धरते. पुढचा भाग मोकळाच राहतो, पातळ प्लाय थरथरतं आणि मागच्या दातांवर चढतं. या काठीची एक जमेची बाजू मात्र आहे, ती म्हणजे हात लांब राहतो. ब्रिटनच्या हेल्थ अँड सेफ्टी एक्झिक्युटिव्ह या सरकारी संस्थेच्या सूचनांमध्ये अशीच काठी आहे: किमान ४५० मिलिमीटर लांब, आणि चिरेच्या शेवटच्या ३०० मिलिमीटरसाठी ती वापरायचीच. पण तिथे पात्यावर गार्ड (झाकण) आणि पात्यामागे रायव्हिंग नाइफ (चीर मिटू न देणारी पट्टी) असणं गृहीत धरलेलं आहे. आपल्याकडे दोन्ही काढून कोपऱ्यात ठेवलेले असतात. अशा मशीनवर नुसत्या काठीच्या भरवशावर राहू नका. गार्ड आणि नाइफ आधी परत बसवा.

माझ्या मते रोजच्या कामाला बुटाच्या आकाराची पुश स्टिक घ्यावी, किंवा घरीच करावी. तळ सपाट, २५ ते ३० सेंटीमीटर लांब. मागे खाली उतरलेली टाच. आणि वर मूठ. तळ लाकडाला वरून दाबतो, टाच मागून ढकलते. मूठ इतकी उंच हवी की पातं वर असतानाही बोटं त्याच्या बरीच वर राहतील, आणि तिचा कल फेन्सकडे हवा. बाजारात मिळणाऱ्या काही प्लॅस्टिकच्या स्टिकची मूठ फार बसकी असते. ती घेऊ नका.

टाचेकडे फारसं कुणी लक्ष देत नाही. टाच लाकडाच्या जाडीपेक्षा कमीच हवी. दोन सूत प्लायला तीन सुतांची टाच लावली, तर टाच टेबलावर टेकते, तळ अधांतरी राहतो आणि दाब शून्य होतो. दोन स्टिक करून ठेवा: पातळ मालासाठी दीड सूत टाचेची, जाड मालासाठी चार सुतांची.

स्टिक करायला चार ते सहा सूत जाडीचं चांगलं प्लाय घ्या. भरीव लाकडाचा तुकडा रेषेत फुटू शकतो, विशेषतः गाठ असेल तर. प्लायचे थर आडवे-उभे असल्यामुळे ते तसं सहज चिरत नाही. लोखंडी सळई किंवा ॲल्युमिनियमचा चॅनेल चुकूनही नको. पात्याला लागला तर कार्बाइडचे दात तुटून उडू शकतात, आणि ते डोळ्यातही जाऊ शकतात.

स्टिक चांगली असूनही त्रास होत असेल, तर कारण बहुतेक वेळा यांपैकी एक असतं. सनमायकावरून घसरते? तळाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवा, किंवा पॉलिश पेपर लावा. लाकूड फेन्स सोडतं? तुम्ही बहुधा पात्याच्या बाहेरचा, सुटणारा तुकडा ढकलताय. ढकलायचा तो पातं आणि फेन्स यांच्या मधला भाग, आणि तोही पात्याच्या पूर्ण पलीकडे जाईपर्यंत. अर्ध्यात थांबून हात मागे घेणं फार धोक्याचं आहे. चिरेची कड काळी पडते? पातं बोथट असेल, नाहीतर फेन्स मागच्या बाजूला पात्याकडे झुकलं असेल. तिथे जोर वाढवू नका, मशीन बंद करून मोजा.

डाव्या हातात दुसरी काठी घेऊन लाकूड फेन्सला दाबत असाल, तर ती पात्याच्या अलीकडेच टेकवा. पात्याच्या शेजारी दाबलं की चीर मिटते आणि पातं अडकतं.

दोन बोटांपेक्षा अरुंद पट्टी काढताना मुठीची स्टिक गार्डला अडते. मग लोक गार्ड काढतात. त्याऐवजी फेन्सवर खोगिरासारखा बसणारा पुश ब्लॉक (ढकलायचा ठोकळा) करा, किंवा फेन्सची जागा बदलून अरुंद पट्टी पात्याच्या बाहेरच्या बाजूला पडू द्या. दर चिरेला फेन्स हलवावं लागतं, वेळ जातो. जाऊ द्या.

आता साइटवरच्या एका जुगाडाबद्दल, कारण आपल्याकडे बरंच चिरकाम त्यावरच होतं. चार इंची मार्बल कटरला लाकडाचं पातं लावून, तो प्लायखाली उलटा बसवून, बटण टेपनं दाबून ठेवायचं. हे पातं लहान, पण फेरे बारा हजारांच्या घरात, त्यामुळे दातांचा वेग ताशी २५० किलोमीटरपर्यंत जातो. रायव्हिंग नाइफ नाही, गार्ड नाही, आणि घात झाला तर बंद करायला प्लग शोधावा लागतो. इथे कितीही चांगली पुश स्टिक दिली तरी धोका टळत नाही. मिस्त्रींनो, हे टेबल वापरूच नका. प्लाय दोन घोड्यांवर (लाकडी टेकूंवर) ठेवा, पट्टी क्लॅम्पनं आवळा आणि कटर हातात धरून तिच्या कडेनं चालवा. पुश स्टिकची गरजच उरत नाही.

एक शेवटचं, कारण त्या पोराच्या बाबतीत मला हेच खुपलं. तो पट्टी शोधायला खाली वाकायचा तेव्हा पातं फिरत असायचं आणि प्लाय अर्धं चिरलेलं असायचं. स्टिक फेन्सच्या बाजूला खिळ्यावर टांगा, उजवा हात न बघता पोचेल अशी. ती तिथे आहे हे पाहिल्यावरच बटण दाबा. तळ पात्यानं खाऊन खाऊन अर्धा झाला की ती टाकून द्या. नवी करायला प्लायचा एक तुकडा आणि दहा मिनिटं लागतात. त्या दिवशी चहाच्या सुट्टीत आम्ही दोघांनी मिळून एक केली. टाचेची उंची त्यानंच मोजली.