ठाणे-नवी मुंबईत रिसेल फ्लॅट घेताय? मग टोकनच्या आधी एवढं करून ठेवा

पाचपाखाडी, वसंत विहार नाहीतर नेरूळ-सानपाड्याला स्टेशनजवळचा बरा टू बीएचके विकायला निघाला की दोन दिवसात ब्रोकरचा फोन येतोच, "दुसरी पार्टी टोकन द्यायला तयार आहे, तुमचं काय ते सांगा". घाबरून तिथल्या तिथे टोकनचे, म्हणजे सौदा पक्का करायचे आगाऊ पैसे ट्रान्स्फर करणारे खूप बघितलेत आणि प्रत्येक वेळी जीव खालीवर होतो, म्हणून सांगतो, धावपळ करायची ती घर बघायच्या आधी करा.

सगळ्यात आधी बँकेत जाऊन सँक्शन लेटर, म्हणजे किती लोन मंजूर आहे त्याचं पत्र घ्या. ते हातात असलं की विकणारा पण तुम्हाला सिरियसली घेतो, दोन-पाच लाख जास्त बोलणाऱ्यापेक्षा ज्याचं लोन पक्कं आहे तो त्याला बरा वाटतो. मग खिशातून किती जाणार ते मांडा. लोन 75 लाखांच्या वर गेलं की बँक किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, आणि स्टॅम्प ड्युटी त्यात धरत नाहीत. म्हणजे 1 कोटीच्या घराला 25 लाख तुमचे, वर 7 टक्के स्टॅम्प ड्युटीचे 7 लाख, रजिस्ट्रेशनचे 30 हजार, ब्रोकरेज वेगळं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर ड्युटी 1 टक्का कमी लागते, 1 कोटीवर सरळ 1 लाख वाचतात, घरात बोलून बघा.

भाव ब्रोकरला विचारू नका, म्हणजे विचारा पण त्यावर थांबू नका. आयजीआरच्या, म्हणजे राज्याच्या नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्चमध्ये त्याच बिल्डिंगचे आधीचे व्यवहार इंडेक्स टू मध्ये, म्हणजे नोंदणीच्या सारांशात दिसतात, किती कार्पेट (आतलं वापरायचं क्षेत्रफळ) कितीला गेलं ते कळतं आणि मग बोलायला जोर येतो.

घोडबंदरला बघत असाल, कासारवडवली-वाघबीळ वगैरे, तर रविवारी दुपारी जाऊन ट्रॅफिकचं काही कळणार नाही, सोमवारी सकाळी नऊला तिथून निघून बघा. आणि वॉचमनला हळूच विचारा मे महिन्यात पाण्याचे टँकर किती येतात.

आता कागद, इथे अजिबात कंटाळा करायचा नाही. पहिल्या मालकापासूनची सगळी अ‍ॅग्रीमेंट्स सलग हवीत, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, ओसी (बिल्डिंग राहायला योग्य असल्याचा पालिकेचा दाखला), सोसायटीची थकबाकी नसल्याचं पत्र. विकणाऱ्याचं लोन चालू असेल तर ओरिजिनल कागद बँकेकडे असतात, बाकी किती आहे त्याचं लेटर मागा. नवी मुंबईत बऱ्याच ठिकाणी जमीन सिडकोची लीजवर असते, तिथे सिडकोची एनओसी आणि ट्रान्स्फर चार्जेस लागतात, ते कोण भरणार हे आधीच ठरवा, नाहीतर भांडणं होतात. गावठाणातली ओसी नसलेली बिल्डिंग स्वस्त मिळते खरी पण माझं ऐका, तिकडे जाऊ नका, बहुतेक बँका लोन देत नाहीत आणि तोडण्याची नोटीस आली तर कुटुंब रस्त्यावर येतं.

हे सगळं नीट असेल तरच टोकन, ते पण चेकने, आणि पावतीवर स्पष्ट लिहून घ्या की लोन नामंजूर झालं किंवा टायटलमध्ये, म्हणजे मालकी हक्कात काही निघालं तर पूर्ण पैसे परत. व्यवहार 50 लाख किंवा वर असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना 1 टक्का टीडीएस (इन्कम टॅक्सचा कापायचा भाग) कापून तुम्हालाच सरकारकडे भरायचाय. विकणारा एनआरआय असेल तर टीडीएस बराच जास्त असतो, सीएला विचारल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

सोसायटी ट्रान्स्फर प्रीमियम म्हणून 25 हजारांच्या वर मागू शकत नाही, डोनेशनच्या नावाखाली मागितले तर नियम दाखवा. रजिस्ट्रेशन झालं की महावितरणचं मीटर आणि प्रॉपर्टी टॅक्स नावावर करायला त्याच महिन्यात अर्ज टाका, जुन्या मालकाच्या सह्या तेव्हा पटकन मिळतात.